थाई चिकन-राइस: उकडलेल्या कोंबडीला एवढी रांग का ओ?

गेल्या अंकात थायलंडच्या ‘खाव मन गै’बद्दल दोन ओळी टाकल्या होत्या, म्हणजे कोंबडीच्या चरबीत परतून तिच्याच पाण्यात शिजवलेला भात, वर उकडलेल्या कोंबडीचे काप, बाजूला आलं-मिरचीची चटणी आणि वाटीभर सूप. दोनच ओळी, पण त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलं. (मेनूकार्डवरचं इंग्रजी स्पेलिंग ‘गाय’ असं वाचलं जातं म्हणून काहीजणांनी काळजीनं विचारलंय, तर कोंबडीच असते, निवांत राहा.)

प्रश्न: आमचा युनिफॉर्मचा धंदा. डिझाईन आणि भाव बघायला बँकॉकच्या प्रतुनाम मार्केटला गेलतो. तिथं गुलाबी शर्टवाल्या पोरांचं एक हॉटेल, बाहेर ही रांग. आम्ही पण उभारलो. नंबर आला आणि पुढ्यात काय, तर उकडलेली कोंबडी आन् भात. रस्सा नाही, तर्री नाही, कोंबडी पण कोमट. लोकं येडी आहेत का आमचंच काय चुकलं?
– एक कारखानदार, अक्कलकोट रोड

साहेब, तुम्ही बरोब्बर जागी गेलात, फक्त तर्रीची जीभ घेऊन गेलात. ते गुलाबी शर्टवालं दुकान म्हणजे गो-आंग, १९६० पासूनचं, आणि मिशलिन गाईडनं त्याला बिब गुरमाँ दिलेलं आहे, म्हणजे कमी पैशात चांगलं खायला घालणाऱ्यांना देतात ते. जवळच हिरव्या शर्टवाल्यांचं दुसरं दुकान आहे, आणि कुणाचं भारी यावर लोकं तिथं आपल्याकडं मटणाच्या खानावळींवरून भांडतात तशी भांडतात.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं मटण शिजलं की मसाला पडायच्या आधी पातेल्यातलं अळणी काढून ठेवतात की नाही, लहान पोरांना, आजाऱ्याला, आणि ज्याला कळतं त्याला वाटीतनं देतात, आणि काही घरांत त्याच अळणीत तांदूळ टाकून अळणी भात करतात. खाव मन गैचं अख्खं हॉटेल त्या अळणीवर चालतं असं धरा. मसाला पडायच्या आधीच थांबलेलं जेवण आहे ते, आणि थांबलंय ते मुद्दाम. मसाला नसला की लपवायला काही उरत नाही, कोंबडी शिळी असली, भात गिच्च झाला, सूप पाणचट झालं, लगेच कळतं. त्यामुळं मी तरी अशा दुकानात पहिला घास नुसत्या भाताचा घेते. दाणा सुटा पाहिजे, चकचकीत पाहिजे, लसूण-आल्याचा वास यायला पाहिजे आणि ताटलीच्या बुडाला तेलाचं तळं नको. भात जमला असेल तर बाकी सगळं जमलेलंच असतं, आणि भात फसला असेल तर कोंबडी कितीही मऊ असू दे, मी तिथं परत जात नाही.

कोंबडी कोमट का, तर ती तशीच द्यायची पद्धत आहे. अख्खी कोंबडी पाण्यात घालतात पण पाणी खळखळा उकळू देत नाहीत, नुसतं थरथरत ठेवतात, आणि शिजली की बाहेर काढून बऱ्याच ठिकाणी सरळ गार पाण्यात बुडवतात. त्यानं आतलं शिजणं थांबतं, मांस रसाळ राहतं आणि कातडीखाली जेलीसारखा थर धरतो. खळखळून उकळलेल्या कोंबडीची छाती दोरीसारखी होते, ते आपण रस्स्यात बुडवून खातो म्हणून चालून जातं, इथं बुडवायला रस्साच नाही.

पुढच्या वेळी गेलात तर काउंटरजवळचं टेबल धरा. काचेच्या पेटीत कोंबड्या टांगलेल्या असतात, माणूस त्यातली एक उतरवतो, गोल लाकडी ओंडक्यावर ठेवतो, हाडं सोडवतो आणि सत्तुरानं पटापटा काप पाडतो. मग सत्तूर आडवा धरून कापांच्या खालनं सरकवतो आणि सगळी रास एका झटक्यात भातावर उतरवतो, एक तुकडा इकडचा तिकडं होत नाही. तो ओंडका बहुतेक ठिकाणी चिंचेच्या लाकडाचा असतो, आपल्या खाटकांकडं असतो तोच. काकडीच्या चार चकत्या, कोथिंबिरीची काडी, झालं ताट. आणि ती छोट्या वाटीतली काळपट चटणी आहे ना, ती तोंडी लावायची नाही, तुकडा तिच्यात चांगला लोळवायचा. तुम्ही ती बाजूला ठेवली असणार अशी मला शंका आहे.

पदार्थ मुळात चीनच्या हायनान बेटावरचा, तिथलं वेनचांग गाव कोंबड्यांसाठी नावाजलेलं. हायनानची माणसं पोटासाठी सिंगापूर, मलाया, सयाम (म्हणजे आताचं थायलंड) अशी पांगली आणि कोंबडी-भात बरोबर घेऊन गेली. सिंगापुरात त्याच्याबरोबर पातळ लाल मिरचीची आंबट चटणी आणि वाटलेलं आलं देतात, मलेशियात मलाक्क्याला भाताचे चक्क लाडू वळतात, आणि थायलंडनं आंबवलेल्या सोयाबीनची चटणी धरली. माझं मत विचाराल तर चटणी थाई लोकांचीच सरस.

प्रश्न: मुलीनं यूट्यूबवर बघून हट्ट धरलाय. ती चटणी घरी कशी करायची? सोलापुरात सामान मिळत नाही. आणि सासूबाई म्हणतात एवढा खटाटोप कशाला, शेंगाचटणी घालून द्या, ते चालेल का?
– एक ताई, जुळे सोलापूर

ताई, चटणीतला मुख्य जिन्नस म्हणजे ताव जिआव, आंबवलेल्या सोयाबीनची खारट, दाणेदार पेस्ट, ऑनलाइन मागवावी लागेल. नाहीच मिळाली तर जपानी मिसो किंवा कोरियन डोएनजांग घ्या, चव अगदी तीच नाही येणार पण रस्ता तोच आहे. तीन चमचे पेस्ट, त्यात दोन चमचे बारीक चिरलेलं आलं, (किसू नका ताई, चिराच, दाताखाली यायला पाहिजे), चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, लवंगी मिरच्या झेपतील तेवढ्या, एक चमचा डार्क सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, दीड चमचा साखर, आणि कोंबडी शिजलेलं पाणी दोन-तीन चमचे घालून सैल करायची. मीठ घालू नका, पेस्ट आणि सॉस दोन्ही खारट असतात. चव बघताना नुसती चाखू नका, भाताबरोबर बघा, नुसती खाल्ली तर ती कायम जास्तच झणझणीत आणि जास्तच खारट लागणार. आणि तासभर आधी करून ठेवा, आल्याचा उग्रपणा जरा मुरतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण शेंगाचटणी इथं नको. ती भाकरी, दही आणि कांद्याबरोबर जगात भारी, इथं मात्र ती भाताचा नाजूक वास पार गिळून टाकेल. अगदीच शेंगदाणा पाहिजे असेल तर थाई लोक साते म्हणून काडीला लावून भाजलेले तुकडे खातात, त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी असते, एक दिवस तो बेत करा, त्यात सासूबाईंना पुढं घाला, त्यांचा हात कुठल्याही थाई आचाऱ्याला ऐकणार नाही.

प्रश्न: भात करून बघितला, साधा चिकन पुलाव झाला. बासमती वापरला होता, कोंबडी अर्धा किलो तुकडे करून. कुठं गडबड झाली?
– पूर्व भागातून एक वाचक

सगळीकडंच झाली राव. पहिली गोष्ट, तुकडे नकोत, अख्खी कोंबडी पाहिजे, सव्वा किलोच्या आसपासची. दुसरी गोष्ट, आपल्याकडं चिकनवाला विचारत पण नाही, कातडी ओढून बादलीत टाकतो, आणि या पदार्थाचा जीव त्या कातडीत आणि तिच्याखालच्या पिवळ्या चरबीत आहे. तेव्हा आधीच सांगा, कातडीसकट पाहिजे, आणि शेपटीकडची चरबी वेगळी काढून द्या. तो एकदा वर बघेल तुमच्याकडं, बघू द्या. गावरान कोंबडी घेऊ नका, ती रस्स्याची, इतक्या मंद आचेवर ती चिवटच राहते, इथं ब्रॉयलरच चांगली.

कोंबडी बुडेल एवढं पाणी, त्यात आलं ठेचून, लसूण, कोथिंबिरीची मुळं (देठं नाही, मुळं, भाजीवालीकडनं मुळासकट जुडी आणा), मीठ. पाणी उकळलं की कोंबडी छाती खाली करून सोडायची, गॅस एकदम बारीक, झाकण, पस्तीस-चाळीस मिनिटं, मग गॅस बंद करून झाकणातच पंधरा मिनिटं. तोपर्यंत चरबी आणि कातडीचे तुकडे कढईत मंद आचेवर वितळवा, कुरकुरीत झालेले काढून पोरांना द्या, त्या तुपासारख्या चरबीत लसूण-आलं परता, धुऊन निथळलेला तांदूळ टाका, दाणा न् दाणा चरबीनं माखेपर्यंत परता आणि मग कोंबडीचं पाणी घाला.

बासमती नको, तो फार मोकळा आणि त्याचा स्वतःचा वास फार. थाई जास्मिन मिळाला तर वाटीला सव्वा वाटी पाणी. नाहीतर आपला जुना कोलम घ्या, त्याला दुपटीपेक्षा जरासं कमी. इंद्रायणी चवीला गोड पण इथं गोळा होतो. थायलंडमध्ये भातात पंडनची पानं गाठ मारून टाकतात, आपल्याकडं नर्सरीत बासमतीचं रोप म्हणून मिळतं ते, केवड्याच्याच कुळातलं, कुंडीत येतं. सोलापूरच्या उन्हात मात्र त्याला सावलीत ठेवा आणि पाणी तोडू नका, नाहीतर मे महिना नाही काढायचं ते.

उरलेल्या पाण्यात कोहळ्याच्या किंवा मुळ्याच्या फोडी शिजवल्या, वर मिरपूड टाकली की सूप. कोंबडी एक आणि तिच्यात भात, मांस, सूप तिन्ही निघालं, चटणीला पण तेच पाणी.

प्रश्न: हाडाजवळ गुलाबी दिसलं की मी खात नाही. पुण्यात एका ठिकाणी असंच आलं, वेटर म्हणाला शिजलंय. खरं का? आणि थंड झालेलं चिकन खाणं बरं का?

वेटर खरं बोलत असू शकतो. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा रंग शिजताना बाहेर झिरपतो, त्यामुळं पूर्ण शिजूनही हाडाजवळ गुलाबी-लालसर दिसतं. नुसत्या रंगावरनं काहीच ठरत नाही, आत जाड भागात ७४ अंश सेल्सियस तापमान गेलेलं असलं पाहिजे. घरी करणार असाल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा, मिटला प्रश्न. पण मांसच जर काचेसारखं, बुळबुळीत आणि हाडाला धरून बसलेलं दिसलं तर ताट परत करा, लाजू नका.

कोमट असण्यात दोष नाही, किती वेळ तशी आहे त्यात आहे. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये असा नियम आहे, आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा तासाभरातच खाऊन मोकळं व्हावं. म्हणून हॉटेल गर्दीचं निवडा. जिथं कोंबड्या टांगल्या की लगेच उतरतायत तिथं खा, दुपारी चार वाजता जिथं एकच कोंबडी बिचारी काचेमागं लटकलेली आहे तिथं सरबत घ्या आणि निघा.

प्रश्न: काड्यांनी खायचं असतं का?

नाही. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, काट्यानं चमच्यावर ढकलायचं आणि चमचा तोंडात, काटा तोंडात घालत नाहीत. काड्या नूडल्सला.

प्रश्न: आम्ही लिंगायत, मिसेस पूर्ण शाकाहारी, मी बाहेर खातो. दिवाळीनंतर थायलंडची टूर आहे. अशा हॉटेलात गेलो तर ती नुसता भात आणि काकडी खाईल, चालेल ना?
– बाळीवेस

अहो नाही चालणार, तिथंच तर मेख आहे! तो भातच चरबीत परतलेला आणि कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, दिसायला साधा दिसतो एवढंच. साधा पांढरा भात बहुतेक अशा दुकानात नसतोच. आणि दुसरीकडं गेलात तरी, भाजी म्हणून जी मागवाल तिच्यात फिश सॉस नाहीतर ऑयस्टर सॉस असायची शक्यता मोठी, त्यांच्या दृष्टीनं ते मिठासारखंच असतं, मांस म्हणून मोजतच नाहीत.

उपाय आहे. पिवळ्या झेंड्यावर किंवा पाटीवर लाल थाई अक्षरात ‘जे’ (เจ) लिहिलेलं असतं, ते चिनी-बौद्ध पद्धतीचं कडक शाकाहारी खाणं. मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, वर कांदा-लसूणही नाही. (जैन वाचकांनी नोंद घ्या, पण बटाटा-गाजर ‘जे’वाल्यांना चालतं, तेवढं विचारून घ्या.) चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा उत्सवच असतो याचा, फुकेतला आणि बँकॉकच्या चायनाटाउनला रस्तेच्या रस्ते पिवळे होतात, बहुतेक वेळा ऑक्टोबरात येतो. तुमची टूर त्यानंतरची असली तरी ‘जे’ची दुकानं वर्षभर असतात. फोनमध्ये त्या अक्षराचा फोटो ठेवा, वहिनींना आधी तिथं जेवू घाला आणि मग तुम्ही तुमच्या कोंबडीकडं जा. आधी तुम्ही आणि मग त्या असं केलंत तर पुढच्या टूरचं मला विचारू नका.

प्रश्न: अस्सलाम वालेकुम. हे खाणं हलाल मिळतं का तिकडं?
– बेगम पेठ

वालेकुम अस्सलाम भाईजान. मिळतं, पण कुठल्याही दुकानात नाही. चिनी वंशाच्या लोकांची दुकानं असतात त्यातल्या काहींत त्याच ओंडक्यावर डुकराचं मांसही कापतात, त्यामुळं हलालचा शिक्का किंवा बुरखा-टोपीवाली मंडळी दुकान चालवताना दिसली तरच बसा. दक्षिणेकडं पट्टानी, याला, नराथिवात या तीन प्रांतांत मुस्लिम वस्तीच जास्त, तिथं अडचण नाही, बँकॉकमध्येही मोहल्ले आहेत. आणि मुस्लिम दुकानात गेलातच तर खाव मोक गै मागवा, हळदीचा पिवळा भात, आत कोंबडी, वर तळलेला कांदा आणि बाजूला पुदिना-कोथिंबिरीची हिरवी आंबटगोड चटणी. बिर्याणीचीच चुलत बहीण आहे, फक्त मसाल्याचा हात हलका. तुमच्या घरच्या दम बिर्याणीपुढं ती टिकेल असं मी म्हणत नाही, पण ती चटणी शिकून या.

प्रश्न: ताटात चॉकलेटी रंगाचे मऊ चौकोन होते, काय असतं ते?

रक्ती. कोंबडीच्या रक्ताची गोठवून वाफवलेली वडी. ज्यांच्या घरी बकऱ्याची रक्ती कांद्यावर परतून होते त्यांना नवल नाही, बाकीच्यांनी ऑर्डर देतानाच ‘माय साय लुअत’ म्हणावं, देत नाहीत. कातडी नको असेल तर ‘माय आव नाँग’. पण कातडी खाऊन बघा एकदा.

प्रश्न: मी विद्यापीठात शिकतो, केगावला राहतो. मित्र आणि मी मिळून सोलापुरात थाई चिकन-राइसची गाडी टाकायची म्हणतोय. मित्र म्हणतो मेनू मोठा ठेवू, मोमो, नूडल्स, शोरमा सगळं. घरचे म्हणतात सोलापूरकर उकडलेली कोंबडी खाणार नाहीत बे. काय करू?

मित्राचं ऐकू नको. अमेरिकेत पोर्टलंड शहरात नोंग पूनसुकवत्ताना म्हणून बाई आहेत, २००३ साली दोन सुटकेस आणि सत्तर डॉलर घेऊन बँकॉकहून गेल्या, हॉटेलांत कामं केली आणि २००९ साली एक गाडी टाकली. मेनूत पदार्थ एक. खाव मन गै, कागदात गुंडाळून. पुढं दुकान झालं, चटणी बाटलीत भरून विकली. एकच पदार्थ रोज केला की हात बसतो आणि माल उरत नाही, मोमो-नूडल्स-शोरमा तर पार्क चौकात आधीच ढिगानं आहेत, तिथं तुला कोण विचारणार?

घरच्यांचं मात्र निम्मं खरं आहे. सोलापूरकर पहिल्या दिवशी विचारणार, “रस्सा कुठंय?” त्याचं उत्तर तयार ठेव, सूप फुकट, पाहिजे तेवढं, आणि गरमागरम. थाई दुकानातच दुसरा एक प्रकार असतो, खाव मन गै थोत, त्यात त्याच भातावर तळलेली कुरकुरीत कोंबडी आणि गोड-तिखट चटणी, आणि निम्मी उकडलेली निम्मी तळलेली अशी मिक्स प्लेट पण देतात. तू सुरुवात मिक्स प्लेटनं कर. लोक तळलेलीसाठी येतील, उकडलेली ताटात आहे म्हणून खातील, आणि महिन्याभरात त्यातले काही नुसती उकडलेली मागायला लागतील. चटणीत मिरची एक वाढव, भातात मसाला मात्र घालू नको, कुणी कितीही सांगितलं तरी, तो घातलास की तुझी गाडी आणि शेजारच्या पुलावाची गाडी एकच.

हिशोब असा, की सव्वा किलोच्या साफ कोंबडीतनं हाडं काढून साधारण पाच-सहा प्लेटा निघतात, हाडं परत सुपात जातात, चरबी भातात, वाया काही जात नाही, पण तेलाचा खर्च वाचतो म्हणून प्लेट फार स्वस्त लावू नको, पुढं वाढवता येत नाही. फक्त संध्याकाळी लाव. एकदम दहा कोंबड्या शिजवून ठेवण्यापेक्षा दोन-दोन करत शिजव, संपल्या की ‘संपलं’ म्हणायचं आणि आवरायचं. काचेत टांगायचा शौक उन्हाळ्यात करू नको, झाकणात ठेव, मागितली की काप. एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षेची) नोंदणी पहिल्या दिवसाच्या आधी, नंतर बघू म्हणू नको. आणि चिकनवाल्याशी आधीच बोलून घे, रोज कातडीसकट माल आणि इतर गिऱ्हाइकांची उरलेली चरबी तुला, ती तो आज फेकूनच देतोय, महिनाभरानं त्याला कळलं की तू ती वापरतोस तर पैसे मागेल, तेव्हा भाव आत्ताच ठरव.